सोसू नका, सांगा!

कॅन्सर म्हटलं की अजूनही तेच चित्र डोळ्यांसमोर येतं. सलाईनची बाटली, उलट्या, गळलेले केस, डोक्याला बांधलेला रुमाल. सिनेमांनी आणि मालिकांनी ते आपल्या मनात पक्कं बसवलंय. पण आता कितीतरी पेशंट या चित्रात बसत नाहीत. ते घरीच असतात. केस जागच्या जागी असतात. सकाळी उठून एक गोळी घेतात आणि भाजी निवडायला बसतात. बघणाऱ्याला वाटतं, नुसती गोळी तर आहे, त्यात एवढं काय?

त्यात काय असतं ते ती गोळी घेणाऱ्या बाईला विचारावं. नाहीतर तिच्या घरातल्या बाईला.

आमच्या गोखिवऱ्याच्या घरात ही गोळी दीड वर्षापूर्वी आली. सासूबाईंना, म्हणजे आईंना, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. विडी-सिगारेट तर सोडाच, आयुष्यात कधी मिश्रीही न लावलेली बाई! "मला कसा झाला गं?" हा एकच प्रश्न त्या कितीतरी दिवस विचारत होत्या. त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पण गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्टमध्ये 'ईजीएफआर पॉझिटिव्ह' असं आलं, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा जरा सैल झाला. म्हणाले, "यावर गोळी आहे."

कधीही धूम्रपान न केलेल्यांमध्ये, त्यातही बायकांमध्ये, हा प्रकार जास्त आढळतो. भारतात फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या कॅन्सरच्या साधारण चौथा हिस्सा पेशंटांमध्ये तो असतो. ईजीएफआर म्हणजे पेशीवरचं एक बटणच समजा. ते दाबलं गेलं की पेशी वाढते, सुटलं की थांबते. कॅन्सरच्या पेशीत हे बटण बिघडून कायमचं दाबलेलं राहतं. गोळी नेमकं तेच बंद करते. म्हणून तिला टार्गेटेड थेरपी म्हणायचं, नेम धरून दिलेलं औषध. आईंना जेफिटिनिब नावाची गोळी सुरू झाली. रोज एक, ठरल्या वेळेला.

मग त्रास का होतो? नेम चुकतो का? तसं नाही. हेच बटण आपल्या चांगल्या पेशींवरही असतं. कातडीत, नखांच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात. गोळी तिथलंही बटण बंद करते. म्हणून केस न गळता तोंडावर पुरळ उठतं, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजतात. हे एकदा समजलं ना, की निम्मी भीती तिथेच जाते. औषध 'अंगावर उठलं' म्हणून घाबरायचं कारण उरत नाही.

महाग गोळी आपल्या दारात कशी आली?

या जातीची पहिली गाजलेली गोळी म्हणजे रक्ताच्या एका कॅन्सरवरची इमॅटिनिब. अमेरिकेत तिला २००१ साली परवानगी मिळाली. 'ग्लिव्हेक' या नावाने ती विकली जायची तेव्हा महिन्याचा खर्च लाखाच्या वर जायचा. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. पेटंटचं भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी कोर्टाने नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. त्या निकालामुळे स्वस्त इमॅटिनिब चालू राहिली. आईंची जेफिटिनिबही आज आपल्याकडच्या अनेक कंपन्या बनवतात. म्हणून ती आमच्यासारख्या घरात परवडते. माझा नवरा इथल्याच एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात सुपरवायझर आहे. लाखाची गोळी आम्ही किती महिने आणली असती?

पण गोळी घरी आली आणि त्याबरोबर वॉर्डातली नर्सही घरातच शोधायची वेळ आली. इंजेक्शनच्या केमोला पेशंट हॉस्पिटलात असतो, काही झालं तर बेल दाबता येते. इथे महिनाभराच्या गोळ्या हातात देतात आणि पुढच्या महिन्याची तारीख देतात. मधले तीस दिवस आपले. ती नर्स बहुतेक घरांत कोण असते, ते मी सांगायला नको.

"कांजिण्या आल्यात का?"

दहाव्या दिवशी आईंच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना पुरळ दिसलं. आठवडाभरात कपाळ, हनुवटी, छाती. मुरमांसारखंच, पण खाजणारं आणि दुखणारं. सोसायटीतल्या एकीने जिन्यात विचारलं, "कांजिण्या आल्यात का हो?" झालं! आईंनी दारातल्या तुळशीला पाणी घालायला जाणंही बंद केलं.

सल्ले मात्र घरी चालत आले. कडुलिंबाचा पाला वाटून लावा. हळद-लिंबू लावा. डाळीच्या पिठाने घासा. नणंदेने मुलीचं पिंपल्सचं क्रीम आणून दिलं. डॉक्टरांनी यातल्या प्रत्येकाला नाही म्हटलं. ही मुरमं नव्हेतच. मुरमांचं क्रीम कातडी कोरडी करतं आणि ही कातडी आधीच कोरडी पडलेली असते. घासलं की सोलवटते, मग त्यात जंतू शिरतात.

आमचा उपाय साधा निघाला. कोमट पाण्याने अंघोळ, तीही झटपट. वास नसलेला सौम्य साबण. अंग टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा. बाहेर पडायच्या आधी सनस्क्रीन आणि डोक्यावरून पदर, कारण उन्हात हे पुरळ भडकतं. आणि आमच्या हायवेच्या बाजूचं ऊन म्हणजे काय, ते मे महिन्यात वसई फाट्यावर उभं राहिलेल्यालाच माहीत! डॉक्टरांनी वर एक मलम आणि काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. दीड महिन्यात चेहरा बराच निवळला.

डॉक्टरांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट आईंना फार धीर देऊन गेली. ज्यांना असं पुरळ येतं त्यांच्यात बहुतेकदा गोळीही चांगली लागू पडलेली दिसते. ज्यांना येत नाही त्यांना औषध लागू पडत नाही असं मात्र समजू नका बरं का!

गंमत म्हणजे आईंच्या पापण्यांचे केस लांब वाढायला लागले. नातीला भारी कौतुक. पण हाही गोळीचाच परिणाम असतो. केस आत वळून डोळ्याला टोचायला लागले, डोळा लाल झाला किंवा दुखायला लागला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. घरी चिमट्याने उपटायचे नाहीत.

पोट आणि लोकल

दुसरा त्रास जुलाबांचा. घरात असताना निभतं. पण तपासणीला वसई रोडवरून लोकलने मुंबई गाठायची म्हणजे पोटात गोळाच. तासाभराचा प्रवास, डब्यात संडास नाही. आई आदल्या रात्रीपासून जेवायच्याच बंद व्हायच्या. उपाशी पोटी, पाणीही न पिता प्रवास, आणि तिकडे पोचल्यावर चक्कर.

त्यावरही मार्ग निघाला. डॉक्टरांनी लोपेरामाइडची गोळी कधी आणि किती घ्यायची ते कागदावर लिहून दिलं. प्रवासाच्या दिवशी मऊ भात, पातळ ताक, केळं. (वसईकरांना केळ्यांचं महत्त्व मी काय सांगणार!) दूध, तिखट, तळलेलं आणि चहाचा तिसरा कप बंद. सोबत मीठ-साखरेचं पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. पिशवीत एक जास्तीचा परकर आणि साडी. आणि गर्दीची वेळ टाळून निघायचं. कॅन्सरच्या पेशंटला सर्टिफिकेट दाखवून दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, हे आम्हाला तिसऱ्या फेरीला एका सहप्रवासी बाईंनी सांगितलं. तुम्ही पहिल्याच फेरीला लक्षात ठेवा.

रोजच्यापेक्षा चार किंवा जास्त वेळा जायला लागलं, रक्त पडलं, ताप आला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. सरळ डॉक्टरांना फोन.

नखं, बोटं आणि कोळंबी

तिसऱ्या महिन्यात अंगठ्याच्या नखाची कड लाल होऊन सुजली. मग पायाच्या बोटाचीही. आमच्याकडे बुधवार-रविवार मासळी ठरलेली आणि कोळंबी सोलायचं काम आईंचं. त्यात कुणी हात घातलेला त्यांना चालत नाही. कोळंबीचा काटा सुजल्या बोटात घुसला की काय होतं, कल्पना करा!

इथे मात्र मी ऐकलं नाही. मासळी साफ करणं, भांडी, धुणं, सगळं त्यांच्या हातून काढलं. "मग मी करू काय?" असं विचारून रुसून बसल्या. म्हणून ओट्यावरची काही कामं परत दिली, पण आत सुती आणि वरून रबरी असे हातमोजे घालून. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कापायचे नाहीत. पायात टोचणारी चप्पल नको, मऊ आणि पुढून मोकळी हवी. सूज आली की कोमट मिठाच्या पाण्यात बोटं बुडवून नीट कोरडी करायची. पू दिसला की घरी सुई लावायची नाही, दाखवायचं.

उरलेल्या नऊ गोळ्या

हे सगळं रुळलं होतं. चेहरा बरा, पोट ताब्यात, स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली. आणि एक दिवस नवं पाकीट उघडायला गेले तर जुन्यात नऊ गोळ्या शिल्लक!

आईंना विचारलं. आधी म्हणाल्या, दुकानदारानेच जास्त दिल्या असतील. मग गप्प. मग डोळ्यांत पाणी. पारोळला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. मोठी आत्या म्हणून हळदीला पहिला मान त्यांचा. पुरळ पुन्हा जरासं उठलं होतं आणि त्यांनी गुपचूप नऊ दिवस गोळी बंद ठेवली होती. "फोटो काढतात गं सगळे. आयुष्यभर राहतात ते. म्हटलं, कॅन्सरवाली म्हणून नको, आत्या म्हणून दिसू दे मला."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. आपल्यातली कोण रागावू शकेल?

डॉक्टरांना सांगायला त्या तयार नव्हत्या. "ते गोळी बंद करतील," ही भीती. शेवटी सांगितलं, तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, लग्न आहे म्हणून आधी बोलला असतात तर मलम वाढवून चेहरा सावरला असता. फारच त्रास असता तर थोड्या दिवसांची सुट्टी मीच दिली असती. ठरवून दिलेली सुट्टी चालते. चोरून घेतलेली नाही."

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. जेफिटिनिबच्या बाबतीत जुलाब किंवा कातडीचा त्रास असह्य झाला तर डॉक्टर गोळी थोडे दिवस, जास्तीत जास्त दोन आठवडे, थांबवून पुन्हा सुरू करू शकतात. काही दुसऱ्या गोळ्यांचा डोस कमी करता येतो. म्हणजे त्रास सांगितला म्हणून औषध गेलंच, असं होत नाही. उलट न सांगता चुकवलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या हिशोबातच येत नाहीत. स्कॅन बिघडला तर त्यांना वाटतं औषध हरलं.

गोळ्या चुकल्याने काय होतं, याचा एक अभ्यास २०१० साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. इमॅटिनिब घेणारे ८७ पेशंट. बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारं यंत्र. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांमध्ये सहा वर्षांत रोग पक्का आटोक्यात येण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या वर होती. त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये ती होती जेमतेम २८. ९० टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की झालं! आणि गोळ्या चुकण्यामागे साइड इफेक्ट्स हेही एक कारण निघालं. कॅन्सर वेगळा, गोळी वेगळी, पण माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

आपल्या परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचाही एक अभ्यास इथे सांगायला हवा. ईजीएफआरच्या ३५० पेशंटांपैकी निम्म्यांना नुसती जेफिटिनिब आणि निम्म्यांना जेफिटिनिबबरोबर केमोही दिली गेली. रोग पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा काळ नुसत्या गोळीने साधारण आठ महिने, दोन्ही मिळून सोळा. पण गंभीर त्रासही २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेला. म्हणजे जास्त दिवस हवेत तर जास्त त्रास सांभाळता यायला हवा. त्रास सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे, वरचं काम नव्हे. आईंचं वय आणि किडनी बघून त्यांना नुसती गोळी दिली. ही गोळी रोग कायमचा घालवत नाही, दाबून ठेवते, हेही आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. मिळालेले दिवस जुलाबात आणि बंद दाराआड गेले तर ते मिळाले काय आणि न मिळाले काय?

दोन रुपयांची शिस्त

नऊ गोळ्यांच्या प्रकरणानंतर घरात एक वही आली. नातीची जुनी, निम्मी कोरी. रोज एक ओळ. गोळी घेतली, वेळ, पोट किती वेळा, पुरळ कसं, काय खाल्लं, काही नवीन. आई सांगतात, नात लिहिते. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात. तिथे "कसं आहे?" विचारलं की आईंचं उत्तर ठरलेलं, "बरं आहे." आता वही बोलते.

वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय, केव्हा थांबायचं नाही. अचानक दम लागला किंवा नवा कोरडा खोकला सुरू झाला. डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडल्या. फोड येऊन कातडी सुटायला लागली. यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन. विशेषतः दम, कारण ही गोळी क्वचित फुप्फुसालाच सूज आणते आणि तेव्हा ती लगेच थांबवावी लागते.

दुसऱ्या पानावर बाकीच्या औषधांची यादी. ॲसिडिटीची साधी गोळीसुद्धा न विचारता घ्यायची नाही, कारण तिने जेफिटिनिब पोटातून नीट शोषली जात नाही. कुणी आणून दिलेला काढा, चूर्ण, कुठल्याशा पाल्याचा रस यांचंही तेच. ग्रेपफ्रूटने गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं आणि पपनस त्याचाच नातेवाईक. म्हणून गणपतीतला पपनसाचा प्रसाद आईंनी यंदा नुसता डोळ्यांना लावला. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हेही तिथेच लिहिलंय.

तुमची गोळी वेगळी असेल तर

प्रत्येक औषधाचा नेम वेगळा, म्हणून त्रासही वेगळा. इमॅटिनिबने सकाळी डोळ्यांखाली सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते. ती जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्याने घ्यायची. सोराफेनिब, सुनिटिनिबने तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. गाळ्यात दिवसभर उभं राहून पॅकिंग करणाऱ्या बाईने हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं. मऊ मोजे, जाड क्रीम, गरम पाणी टाळणं. याच गोळ्यांनी बीपीही वाढतं, म्हणून ते मोजत राहायचं. एव्हरोलिमसने तोंड येतं. मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या आणि ठेच्याला काही दिवस रामराम. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन वरवर निरुपद्रवी वाटतं, पण हृदयावर परिणाम करू शकतं. त्यासाठी दर तीन महिन्यांनी इको करतात, तो 'बरं वाटतंय' म्हणून चुकवायचा नाही.

आणि तरुण मैत्रिणींसाठी एक. यातली बहुतेक औषधं पोटातल्या बाळाला धोक्याची असतात. दिवस जाऊ नयेत म्हणून काय करायचं, मूल हवं असेल तर केव्हा, हे डॉक्टरांना सरळ विचारा. सासूसमोर विचारायला संकोच वाटत असेल तर दोन मिनिटं एकटीने आत जा.

आपल्याला लहानपणापासून सोसायला शिकवलेलं असतं. पोटात दुखलं तरी स्वयंपाक झाला पाहिजे, ताप असला तरी पाहुण्यांचा चहा झाला पाहिजे. 'तिने कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही' ही आपल्याकडे बाईची स्तुती असते. या आजारात तीच सवय महागात पडते. गोळी आपलं काम करतेय. तिला साथ द्यायची तर त्रास झाला की त्याच दिवशी तोंड उघडायचं.

आणि घरातल्या बाकीच्यांनो, तिने तोंड उघडलं तर "नुसती गोळी तर आहे" असं म्हणू नका. तिच्या हातातली कोळंबीची परात घ्या आणि सोलायला बसा.